रीच स्टॅकरचे वेट डिस्क ब्रेक : नुसतं सील बदलावं की सगळंच उघडावं?

उरणचा_फिटर
नमस्कार मंडळी. पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

न्हावाशेवाच्या बाजूला एका कंटेनर यार्डात मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे ४५ टनी रीच स्टॅकर आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, लांब हाताची ती अगडबंब गाडी जी कंटेनर वरून पकडते आणि एकावर एक रचते. अवर मीटर १६ हजारांच्या पुढे गेलंय. पुढच्या एक्सलला वेट डिस्क ब्रेक आहेत. गेला महिनाभर ब्रेकच्या तेलाची टाकी उतरतेय, आठवड्याला दोन-अडीच लिटर टॉप-अप करावं लागतं, आणि बाहेर मात्र एक थेंब नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

परवा उजव्या हबचा (चाकाच्या मधला गिअरचा डबा) लेव्हल प्लग सैल केला तर तेल पिचकारीसारखं अंगावर आलं. काळं, पातळ, आणि फोडणी करपल्यावर येतो तसा वास. डावीकडचा प्लग उघडला तर लेव्हल बरोबर.

ब्रेक लागतायत. ऑपरेटर म्हणतो पेडल एकदम ठीक आहे. आमचा बाहेरचा मिस्त्री म्हणतो नुसतं सील टाकू, दोन दिवसांत गाडी कामावर. एजन्सीचा माणूस म्हणतो दोन्ही बाजूंचं पूर्ण किट टाका, प्लेटा, पिस्टन सील, स्प्रिंगा, सगळं. त्या किटचा भाव ऐकून साहेबांनी हातातला चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही काय केलं असतं?

बुलेटभाऊ
ओला म्हटलं की मला फक्त दुष्काळ माहीत. हे ओले ब्रेक काय प्रकरण आहे? आमच्या बुलेटचे ब्रेक ओले झाले की लागतच नाहीत.

तेलकट_हात
बुलेटभाऊ, तुमच्या बुलेटमध्येच आहे की ते, फक्त क्लचमध्ये. क्लचच्या प्लेटा कशा असतात, एक घर्षणाची एक स्टीलची, एक घर्षणाची एक स्टीलची, अशी चळत इंजिन ऑइलमध्ये बुडालेली. तीच चळत मोठ्या घमेल्याएवढी करा आणि चाकाच्या एक्सलमध्ये बसवा. घर्षणाच्या प्लेटा चाकाबरोबर फिरतात, स्टीलच्या प्लेटा हाउसिंगच्या खाचांत अडकून जागेवर उभ्या. पेडल दाबलं की मागून पिस्टन येतो आणि चळत आवळतो, सोडलं की स्प्रिंगा त्याला मागे ढकलतात. उष्णता तेल घेऊन जातं. बंद डब्यातलं काम असल्यामुळे धूळ, चिखल, पाणी काही लागत नाही म्हणून वर्षानुवर्षं चालतात. आणि बंद डबा आहे म्हणूनच आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

सांगलीचा_गडी
ट्रॅक्टरला पण हेच की. आमच्या गावात "ऑइल ब्रेक" म्हणत्यात. चिखलणीत पार पोटापर्यंत गाडी गाळात गेली तरी ब्रेकला ढिम्म काही होत नाही. पूर्वीच्या कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरला भाताच्या दिवसांत दर चार दिवसांनी उघडून गाळ काढायचो. जेसीबीच्या मागच्या एक्सलला पण तेच, माझ्याकडं एक आहे.

मस्कतकर
उरणचा_फिटर, उघडायच्या आधी थोडा विचार करू, कारण तेल कुठे जातंय यावरूनच कुठलं सील गेलंय ते कळतं. मी इथे ओमानमध्ये बंदरावर अशाच गाड्यांवर काम करतो.

तुमच्या ब्रेकमध्ये एकच तेल दोन वेगळ्या दाबांनी फिरतं. पिस्टनच्या मागे पेडलचं जास्त दाबाचं तेल, आणि प्लेटांच्या भोवती कूलिंगचं अगदी कमी दाबाचं. दोन्ही परत त्याच टाकीत येतात. आता समजा पिस्टनचं सील गेलं, तर जास्त दाबाचं तेल प्लेटांच्या खोलीत झिरपेल आणि तिथून निमूट टाकीत परत येईल. टाकी उतरणारच नाही! तुमची टाकी उतरतेय आणि हब भरतोय म्हणजे प्लेटांची खोली आणि हबचे गिअर यांच्यामध्ये जे फेस सील असतं ते गेलंय. ब्रेकचं तेल गिअरच्या तेलात मिसळतंय, म्हणून ते पातळ.

पिस्टन सीलची परीक्षा वेगळी. इंजिन चालू, गाडीच्या चाकांना उटी लावून पेडल दाबून धरा, आणि अॅक्युम्युलेटर (ब्रेकसाठी तेलाचा दाब साठवून ठेवणारी टाकी) दर किती वेळाने परत चार्ज व्हायला लागतो ते घड्याळ लावून मोजा. जितक्या लवकर, तितकी आत गळती. तशीच दुसरी गाडी असेल तर तिच्यावरही मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा शेजारची धडधाकट गाडी जास्त खरं सांगते.

आणि मुख्य प्रश्न : फेस सील गेलं *का*? ते आपणहून मरत नाही. एकतर आत फार तापलं, नाहीतर कूलिंगच्या परतीच्या वाटेत काही तुंबलं आणि खोलीतला दाब वाढला. ते सील अगदी कमी दाबावर जगणारं आहे.

गावठी_जुगाड
एवढं पुराण कशाला राव. मिस्त्री बरोबर बोलतोय. सील टाका न् चालवा. प्लेटा लागतायत ना? मग झालं. एजन्सीवाले गाडीत बसायला आले तरी किट विकून जातात.

खाणवाला_चंद्रपूर
जुगाडभाऊ, हे "लागतायत ना" ऐकून ऐकून माझे केस पांढरे झाले.

कोळशाच्या ओपनकास्टमध्ये २२ वर्षं काढली मी, १०० टनी डंपरवर. आमच्याकडे भरलेली गाडी खड्ड्यातून वर चढते आणि रिकामी खाली उतरते, म्हणून ब्रेकचं आयुष्य बरं असते. कोमात्सूच्या एचडी ७८५ ला तर रिटार्डर म्हणजे वेगळं काही नाही, चाकांचेच ऑइल कूल्ड ब्रेक असतात, ड्रायव्हर लिव्हर ओढून उतारभर हलके लावून ठेवतो. रिकाम्या गाडीला काही वाटत नाही. पण डोंगरावरच्या लोखंडाच्या खाणीत उलटं काम. सुरजागडसारख्या ठिकाणी माल वर आणि रस्ता खाली. भरलेली गाडी उतरते. तेच ब्रेक, तेच तेल, पण सगळा हिशेबच बदलते.

तर झालं असं की आमच्या एका गाडीचं असंच एका बाजूचं सील बदललं. नुसतं सील. प्लेटा पाहिल्याच नाही, घाई होती, वरून फोनवर फोन. सव्वा महिन्यात तेच सील परत गेलं. मग उघडलं तर स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या आणि बशीसारख्या वाकलेल्या. वाकलेली प्लेट ब्रेक सोडल्यावरही घासतच राहते, घासली की तापते, तापली की सील भाजते. सील म्हणजे आजार नव्हताच बे, तो ताप होता.

गावठी_जुगाड
बरं बरं, चिडू नका काका. पण मग दोन्ही बाजू कशाला? डावी तर चांगली आहे असं तोच म्हणतोय.

खाणवाला_चंद्रपूर
पेडल एक आहे की दोन? दोन्हीकडे एकाच पेडलचा दाब जाते. उजवीला जे झालं ते डावीला होऊन राहिलं असेल, फक्त तिनं अजून तोंड उघडलं नाही.

लॅबवाली_नलू
मी तेलाच्या तपासणीच्या लॅबमध्ये आहे म्हणून बोलते. फिटरदादा, उघडायच्या आधी तिन्ही ठिकाणचे नमुने काढा, दोन्ही हब आणि ब्रेकची टाकी. गाडी तासभर चालवून गरम असताना काढा, तळाच्या ड्रेनमधून पहिलं येणारं तेल घेऊ नका, आणि कृपा करून पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत पाठवू नका. आमच्याकडे एकदा थम्स अपच्या बाटलीत नमुना आला होता, तळाशी थोडं थम्स अप शिल्लक होतं.

लोक रिपोर्टमध्ये लोखंड बघतात आणि घाबरतात. आधी तुमच्या प्लेटा कशाच्या आहेत ते विचारा. सिंटर्ड ब्रॉन्झच्या असतील तर झिजताना तांबं वाढतं. कागदी प्रकारच्या असतील तर तांबं दिसणारच नाही, प्लेट संपत आली तरी रिपोर्ट साळसूद दिसतो, तिथे काळा बारीक गाळ आणि तेल करपल्याच्या खुणा बघायच्या. सिलिकॉन वाढलं म्हणजे धूळ आत येतेय, ब्रीदर (एक्सलचं हवा जायचं-यायचं भोक) बघा. पाणी निघालं तर कोणीतरी प्रेशर वॉशर थेट ब्रीदरवर मारलाय. बंदराच्या भागातून पावसाळ्यात येणारे निम्मे नमुने चहासारखे दुधाळ असतात.

बुलेटभाऊ
थम्स अपचा रिपोर्ट काय आला मग? 😄

लॅबवाली_नलू
"नमुना परत पाठवावा."

सांगलीचा_गडी
तेलावरनं आठवलं. माझ्या जेसीबीच्या एक्सलात एका पाहुण्यानं साधं गिअर ऑइल टाकलं, म्हणाला तेल ते तेल. दुसऱ्या दिवशी ब्रेक मारला की गाडी म्हशीगत रेकायची, आख्ख्या गल्लीला कळायचं मी आलो. दोनदा तेल बदलून धुतल्यावर आवाज गेला.

तेलकट_हात
बरोबर. वेट ब्रेकच्या तेलात प्लेटांना नीट पकड यावी म्हणून वेगळी रसायनं असतात. डिफरन्शियलचं साधं गिअर ऑइल दातांसाठी बनवलेलं असतं, प्लेटांसाठी नाही. बाईकमध्ये कारचं ऑइल टाकलं की क्लच घसरतो, म्हणून बाईकच्या डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून घ्यायचं, तसंच हे. डब्यावरची जाहिरात वाचू नका, एक्सलच्या पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच टाका.

उरणचा_फिटर
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मोजून आलो.

पेडल दाबून धरल्यावर या गाडीचा अॅक्युम्युलेटर दर ४० सेकंदांनी परत चार्ज व्हायला लागतो. शेजारच्या त्याच मॉडेलच्या गाडीत साडेतीन मिनिटांनी लागला. म्हणजे मस्कतकर साहेब, पिस्टन सील पण गेलंय असं धरू का? पाळी संपल्यावर टेंपरेचर गन मारली. उजवा हब ९६, डावा ९१, दुसऱ्या गाडीचे दोन्ही साठीच्या आत-बाहेर. काका, तुमची डावी बाजू तोंड उघडायच्या बेतात आहे.

साहेबांना आकडे दाखवले. प्लेटा बघून मग ठरवू पण दोन्ही बाजू उघडू, एवढ्यावर तयार झाले. तीन दिवस मिळालेत.

मस्कतकर
दोन्ही हब तापतायत म्हणजे पेडल सोडल्यावरही ब्रेक थोडा लागून राहतोय अशी शंका येते. उघडायच्या आधी ब्रेकच्या लाइनला गेज लावा आणि पेडलवर पाय नसताना काय दाखवतो ते बघा. जवळजवळ शून्य यायला हवं. हे पाच मिनिटांचं काम आहे, विसरू नका. नंतर सगळं नवीन बसवून तोच दाब राहिला तर नवीन प्लेटाही करपतील.

खाणवाला_चंद्रपूर
आता सुरक्षेचं. रागावू नका, माहीत असलं तरी परत वाचा.

इंजिन बंद केलं म्हणजे ब्रेक मेला असं समजू नका. अॅक्युम्युलेटरमध्ये दाब भरलेला असते. पेडल दाबत राहा, गेज शून्यावर येईपर्यंत, मग पाइपाला हात लावा. चाकाचे नट सोडायच्या आधी टायरची हवा पूर्ण काढा, जोडचाक असेल तर आतल्या बाहेरच्या दोन्हीची. लॉक रिंगवाला रिम आहे तो, रिंग उडाली तर दुसरी संधी नसते. जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, हॉर्स (टेकूचे लोखंडी घोडे) लावा. आणि अॅक्युम्युलेटरमध्ये गॅस भरायची वेळ आली तर फक्त नायट्रोजन. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची बाटली सहज मिळते म्हणून ती लावणारे मी पाहिले आहे. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होते. ज्यानं लावली होती त्याला आम्ही वेळेवर ओढला म्हणून तो आज नातवंडं खेळवून राहिला.

तेलकट_हात
काकांच्या वरच्या पोस्टला +१.

बसवताना मी खाल्लेले धक्के सांगतो, म्हणजे तुम्ही खाऊ नका.

प्लेटा काढताना ज्या क्रमाने निघतील तशाच लाकडी फळीवर मांडा, फोटो काढा. स्टीलची प्रत्येक प्लेट सपाट लाद्यावर ठेवून कडेने फिलर गेज (मापाच्या पातळ पत्त्या) घाला, चार ठिकाणी. पुस्तकात दिलंय त्यापेक्षा जाड पत्ती आत गेली तर प्लेट भंगारात. निळा डाग नखाने निघत नाही, पॉलिश पेपरने निघतो, पण म्हणून प्लेट बरी झाली असं नाही, हे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. घर्षणाच्या प्लेटांवर तेल जायच्या खाचा असतात त्या किती खोल उरल्यात ते बघा. खाच संपली म्हणजे प्लेट अजून जाड दिसत असली तरी तेल फिरणार नाही. प्लेटांच्या दात्यांत बोट फिरवा, पायरी लागली तर ती प्लेट अडकून बसणार.

नवीन प्लेटा कोरड्या बसवायच्या नाहीत, त्याच तेलात बुडवून ठेवायच्या. आम्ही रात्री भिजत घालतो, आमच्याकडे त्याला मटकी भिजवणं म्हणतात.

आणि फेस सील. इथे नव्वद टक्के लोक चुकतात, मीही चुकलो. सवय अशी की रबर दिसलं की तेल चोळायचं. या सीलच्या रबरी कड्याला तेलाचा हातही लागता कामा नये, कोरडं आणि स्वच्छ हवं, कारण ते पकडीवर धातूची रिंग धरून ठेवतं. तेल लागलं की घसरतं, पीळ बसतो, रिंग तिरकी होते. तेलाचा पातळ हात फक्त धातूच्या घासणाऱ्या तोंडाला. बसवल्यावर रिंगची उंची चार बाजूंनी मोजायची, सारखी आली तरच पुढे. आणि पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचा एक धागा अडकला तरी गळतं. जुनी धुतलेली सुती साडी सगळ्यात बेस्ट.

लॅबवाली_नलू
बायकोला विचारून घ्या म्हणावं 🙂

मस्कतकर
एक राहिलं. हब चढवायच्या आधी हातपंपाने पिस्टनला दाब द्या आणि गेज धरतो का बघा. आधी *कमी* दाबावर, मग पूर्ण. कमी दाबाला गळणारं सील जास्त दाबाला फुगून स्वतःच बसतं आणि आपल्याला फसवतं. त्याच वेळी डायल लावून पिस्टन किती सरकतो तेही मोजून लिहून ठेवा. हब चढवल्यावर हे सगळं परत करायचं म्हणजे आख्खा दिवस जातो.

गावठी_जुगाड
धागा सेव्ह केला. मी काही बोललो नव्हतो असं समजा.

सांगलीचा_गडी
दादा झालं का काम? पंधरा दिवस झालं, गाडी गाळात गेली का काय.

उरणचा_फिटर
उशिराबद्दल माफी. तीन दिवसांचे सहा झाले, पावसाने एक दिवस खाल्ला आणि उजव्या बाजूचा एक बोल्ट तुटून आत राहिला, त्याने दीड.

उजवी बाजू : स्टीलच्या सगळ्या प्लेटा निळ्या, तीन लाद्यावर डुलत होत्या. घर्षणाच्या प्लेटांवर खाचा अशा संपलेल्या की आधी मला वाटलं या बिनखाचेच्याच असतात. पिस्टनचं सील बांगडीसारखं कडक, वाकवलं तर तुटलं. फेस सीलचं रबर एका बाजूला चिरलेलं. डावी बाजू : प्लेटा तपकिरी, दोन निळ्या व्हायला आलेल्या, सील कडक पण अजून धरून होतं. मिस्त्री बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "किट मागवा."

प्लेटा मटकीसारख्या भिजवल्या. साडी आईची मिळाली. फेस सील पहिल्यांदा तिरकं बसलं, एका बाजूला दीड मिलिमीटरचा फरक आला, परत काढलं, दुसऱ्यांदा बसलं. कमी दाबावर अर्धा तास गेज हलला नाही.

आता ती गेजची गोष्ट. मस्कतकर साहेब, तुम्ही "विसरू नका" असं लिहिलं होतं आणि तरी मी उघडायच्या आधी गेज लावलाच नाही, गडबडीत राहिलं. सगळं बसवल्यावर लावला. पेडलवर पाय नाही आणि गेज ६ बार दाखवतोय. पोटात गोळाच आला. व्हॉल्व्ह खराब असेल म्हणून तो उघडायच्या तयारीत होतो तेवढ्यात पेडलच्या खाली वाकून बघितलं. पेडलला वर येताना थांबवणारा जो स्टॉपर बोल्ट असतो तो जास्त आत घेतलेला. पेडल पूर्ण वर येतच नव्हतं, त्यामुळे व्हॉल्व्ह कायम जरासा दाबलेला.

कोणी घेतला म्हणून जुनी जॉब कार्डं काढली. आठ महिन्यांपूर्वीचं निघालं. "ऑपरेटरची तक्रार, पेडल फार खाली जाते, अॅडजस्ट केले." खाली सही माझी.

बोल्ट मागे घेतला, गेज शून्यावर. आता दहा दिवस झाले, टाकी एक मिलिमीटर उतरलेली नाही, दोन्ही हब साठीच्या आत. पेडल दाबून धरलं तर परत चार्ज व्हायला लागायच्या आधी साडेतीन मिनिटांच्या वर जातात.

खाणवाला_चंद्रपूर
सही केलेलं कार्ड स्वतः काढून इथे सांगितलं, हेच लय झालं भाऊ. आमच्याकडे अशी कार्डं उंदीर खातात.

मस्कतकर
उत्तम. १०० तासांनी तेल आणि फिल्टर एकदा बदला, नवीन प्लेटांचा पहिला गाळ निघून जाईल. नमुना नलूताईंसारख्या कोणाकडे तरी पाठवा.

लॅबवाली_नलू
बाटली आमच्याकडून मागवा. मोफत देतो.

बुलेटभाऊ
ऑपरेटरला सांगितलं का काय झालं होतं ते?

उरणचा_फिटर
सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. काल संध्याकाळी परत आला, म्हणाला, "साहेब, गाडी मस्त झाली, पण पेडल आता जरा खाली जातं, तेवढं अॅडजस्ट करून द्या."